पातूरच्या वाटेवरची शेजारीण

अकोल्याच्या बसस्टँडवर वाशीमकडे जाणारी एस.टी. लागली, की आजही माझे पाय आपोआप तिकडे वळतात. नाशिकहून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी अकोल्याला उतरायचं, स्टँडवर एक कप चहा घ्यायचा आणि पातूरचं तिकीट काढायचं. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, आईवडील गेले, भाऊ नोकरीपायी पुण्याला स्थायिक झाला. माहेर म्हणावं असं पातूरला आता कुणी उरलेलं नाही. पण नवरात्रात रेणुकामातेची ओटी भरायला जायचं, हा आईचा नेम मी जमेल तसा चालवते. यंदा गेले ती मात्र नुसती ओटी भरायला नव्हे. मनात दुसरंही एक ओझं होतं. ते पुढे सांगेनच.

अकोल्याहून पातूर तीसेक किलोमीटर. पातूरला रेल्वे नाही. ती बार्शीटाकळीवरून परस्पर वाशीमला जाते. त्यामुळे पातूरकरांचं सारं जिणं या एका सडकेवर. आश्विनात या सडकेनं जावं. दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चाललेली असते, कपाशीची पहिली बोंडं फुटलेली असतात, मधूनच तुरीचे हिरवेगार तास लागतात. सपाट काळ्या रानातून बस धावत असते आणि मग एकदम समोर डोंगराची निळी ओळ उभी राहते. तिच्या पायथ्याशी आमचं पातूर. गावापुढे घाट लागतो. घाट चढून मेडशी, मालेगाव आणि मग वाशीम. पातूरहून वाशीम पन्नास किलोमीटरच्या आसपास. हे अंतर लक्षात ठेवा मैत्रिणींनो, माझ्या गोष्टीत त्याला फार महत्त्व आहे.

गाव तालुक्याचं असलं तरी त्याचा तोंडवळा अजून जुनाच आहे. टेकडीवर रेणुकामाता. गावात शाहबाबूंचा दर्गा. त्यांच्याच नावावरून जुन्या कागदपत्रांत गावाला ‘पातूर शेख बाबू’ म्हणत. लहानपणी आम्ही नवरात्रात टेकडीवर जायचो आणि उरुसात दर्ग्यापुढच्या दुकानांत बांगड्या भरायचो. दोन्हीकडे सारखीच मजा वाटायची. गावाजवळच्या डोंगरात कोरलेली लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रं तिथं नाहीत. साधे दगडी खांब, भिक्षूंच्या राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या आणि आत शिरल्याबरोबर अंगाला बिलगणारा गारवा, एवढंच. पण वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हातून तिथे जाऊन बसावं आणि मग सांगावं, आडोसा म्हणजे काय असतो ते!

यंदा टेकडी उतरून मी आधी आमच्या जुन्या गल्लीत गेले. आमच्या घराच्या जागी आता दुमजली इमारत आहे. समोरच्या वाड्याची एक खोली रस्त्याकडे उघडायची, तिथे मोबाइलचं दुकान झालंय. त्या दुकानापुढे मी बराच वेळ उभी राहिले. दुकानातल्या मुलाला वाटलं, म्हातारीला रिचार्ज करायचंय. मी बघत होते ती खोली. तिथे सिस्टरबाई राहायच्या.

सिस्टरबाई म्हणजे सुईणकाम शिकलेल्या नर्स. पांढरं पातळ, पायात काळ्या चपला, हातात चामड्याची जुनी पेटी. गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळ मोकळं. लग्न केलेलं नव्हतं. त्या ख्रिस्ती होत्या आणि वाशीमच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या होत्या.

या दवाखान्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे त्याचं नाव. ऑर्फा स्पायकर नावाच्या डॉक्टरबाई १९३६ साली हिंदुस्थानात आल्या आणि १९३८ मध्ये नाझरीन मिशनचा हा दवाखाना वाशीमला सुरू झाला, तो मुख्यतः बायकामुलांसाठी. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मरण बरं, असं म्हणणाऱ्या बाया तेव्हा घरोघरी होत्या. अडलेली बाळंतीण दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत तळमळायची, आणि गेली तर नशीब म्हणून सोडून द्यायचे. अशा बायांसाठी एक परदेशी बाई येते काय आणि जवळजवळ चाळीस वर्षं वऱ्हाडच्या उन्हात राहते काय! तिच्या हाताखाली इथल्याच गावांतल्या मुली नर्सिंग शिकल्या आणि त्यांतल्या कितीतरी खेड्यापाड्यांत जाऊन राहिल्या. आमच्या सिस्टरबाई त्यांतल्याच एक.

वऱ्हाडात हे काम त्याही आधीपासून चाललेलं होतं. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात जेनी फुलर या अमेरिकन बाई अकोल्याला राहून काम करत. इथल्या बायकांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९०० साली निघालं. त्याला प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची. शतकाच्या अखेरीस लागोपाठ दोन दुष्काळ पडले, तेव्हा मिशननं अकोला आणि खामगावला अनाथ लेकरांसाठी आश्रम चालवले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना निघाला. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या जखमा तिथे हातानं धुतल्या जात.

“हो, पण हे सगळं बाटवण्यासाठीच ना?” असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. आमची आजी हेच म्हणायची. आणि ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आपला धर्म लोकांना सांगावा, ही इच्छा मिशनऱ्यांच्या मनात होतीच, त्यांनी ती लपवलीही नाही. त्यावरून गावोगाव भांडणं झाली, घरं दुभंगली. पण माझ्यापुरतं सांगायचं तर आमच्या गल्लीत दहाबारा वर्षं राहून सिस्टरबाईंनी कुणाला ‘आमच्या धर्मात या’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. रविवारी सकाळी त्या आपल्या खोलीत एकट्याच गाणं म्हणायच्या. बस्स.

आजीचं सोवळंओवळं कडक. “त्या किरिस्तावणीले वसरीच्या आत येऊ नोको देजो वं,” असं ती आईला बजावायची. सिस्टरबाई आल्या तर ओसरीच्या कडेला बसायच्या. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक वेगळा कप होता. चहा प्याल्यावर त्या तो स्वतःच विसळून कोनाड्यात ठेवायच्या. कधी तोंड वाकडं केलं नाही. मी लहान होते, मला वाटायचं त्यांना तो कप आवडतो!

१९७४ सालचा श्रावण. मी नऊ वर्षांची होते. आईचे दिवस भरले होते. बाळंतपण घरीच करायचं आजीनं ठरवलेलं, गावची दाई सांगून ठेवलेली. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस. दहा वाजले, अकरा वाजले. आईचं ओरडणं कण्हण्यावर आलं. दाई बाहेर येऊन आजीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि आजी मटकन खाली बसली. मी दाराआड उभी राहून हे पाहत होते.

सिस्टरबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहोऊन आल्या, एका हातात कंदील, एका हातात पेटी, अंगावर पोत्याची खोळ. ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. आजी काहीच बोलली नाही. पाच मिनिटांत बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “आजी, लेकरू आडवं आलं आहे. इथं काही होणार नाही. हिले आत्ताच्या आत्ता वाशीमले न्या लागते.”

रात्रीचे बारा. पाऊस. पन्नास किलोमीटर, त्यात घाट. गाडी कुठली? बाबा छत्री घेऊन सडकेवर धावले. मिठाची पोती घेऊन हिंगोलीकडे निघालेला एक ट्रक भेटला. ड्रायव्हर मुसलमान होता, त्यानं एक शब्द न विचारता ट्रक गल्लीच्या तोंडाशी आणला. आईला बाजेसकट उचलून पोत्यांवर ठेवलं, वर ताडपत्री. बाबा पुढे बसले. मागे आईजवळ कोण बसणार? आजीला चढवेना, दाईनं हात वर केले. सिस्टरबाई पदर खोचून ट्रकवर चढल्या.

पुढचं आईनं मला कितीतरी वेळा सांगितलंय. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिला वाटे, आता संपलं. सिस्टरबाईंनी तिला डाव्या कुशीवर धरून ठेवलं होतं आणि सारखं बोलत होत्या. “मोठीचं नाव सांग बरं. शाळेत कितवीले आहे ती? आज भाजी कायची केली होती?” आई शुद्धीत राहावी म्हणून. पहाटे वाशीमला पोचले. पोट कापून बाळ काढलं. माझा भाऊ.

दोन दिवस, दोन रात्री सिस्टरबाई तिथेच राहिल्या. आईचं रक्तानं भिजलेलं लुगडं त्यांनी स्वतःच्या हातानं धुतलं. सोयर म्हणून आमच्या सख्ख्या चुलत्यांच्या घरून कुणी फिरकलं नव्हतं.

आई बाळाला घेऊन घरी आली. बाराव्या दिवशी आजीनं सिस्टरबाईंना बोलावलं आणि माजघरात पाट मांडला. खण, नारळ, तांदूळ ताटात. कुंकवाचा करंडा उघडला आणि आजीचा हात थबकला. तिनं विचारलं, “बाई, तुले आमचं कुंकू चालते काय?” असं अदबीनं विचारताना आजीला मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सिस्टरबाई हसल्या. “कुंकू राहू द्या आजी. डोक्यावर हात ठेवा, म्हणजे झालं.” आजीनं दोन्ही हात ठेवले. कान तुटका कप त्या दिवसापासून दिसला नाही.

मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, “सिस्टरबाई, तुम्हाला तर कोणी बोलावलं नव्हतं. मग तुम्ही काहून आल्या?” त्यांनी उत्तर दिलं नाही, एक गोष्ट सांगितली. ख्रिस्ताला एकानं विचारलं, शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणता, पण शेजारी म्हणायचं कुणाला? तेव्हा ख्रिस्तानं ती सांगितली. एक माणूस डोंगराच्या वाटेनं चालला होता. चोरांनी त्याला लुटलं, मारलं, अर्धमेला करून टाकून दिलं. त्याच्याच धर्माचा एक भट आला, वाट बदलून गेला. देवळातला एक सेवेकरी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, वर पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन ठेवले. “आता सांग,” सिस्टरबाई म्हणाल्या, “तिघांतला त्याचा शेजारी कोण झाला?”

“शोमरोनी म्हणजे कोण हो?” मी विचारलं.

“त्या जखमी माणसाच्या घरी ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तो.”

मी मान डोलावली आणि खेळायला पळाले. नऊ वर्षांच्या पोरीला काय समजणार!

हे सगळं मला यंदा त्या दुकानापुढे आठवत होतं. तेवढ्यात वाड्याच्या दारातून कुणीतरी हाक मारली. खाला! घरमालकांची मुलगी. सासरहून परत येऊन इथेच राहिलेली, आता ऐंशीच्या घरात. तिनं मला आत नेलं, पलंगावर बसवलं, चहा केला. सिस्टरबाईंचा विषय निघाला. त्या रिटायर होऊन वाशीमकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या, एवढं मला ठाऊक होतं.

खाला म्हणाली, “बेटा, त्या वक्ताची एक गोष्ट तुले कोणी सांगितली नसंन. तुह्या आजीनं माह्या अब्बाले निरोप पाठवला होता. ह्या बाईले खोलीतून काढा, आमच्या समोर नोको म्हणून. तुह्या भावाच्या जन्माच्या आठ दिवस आधी. अब्बानं बाईले सांगतलं. महिनाअखेर खोली खाली करतो म्हणाली ते. सामान बांधून ठेवलं होतं तिनं.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. “म्हणजे त्या रात्री त्यांना माहीत होतं?”

“हाव तं. माहीत होतं. त्याच्यानंतर तुही आजी सोता आली अब्बाकडे. रडली. मंग बाईनं सामान सोडलं.”

पन्नास वर्षं मी ती गोष्ट एका चांगल्या बाईची गोष्ट म्हणून लोकांना सांगत आले. तिच्यातला काटा मला ठाऊकच नव्हता. ज्या दारातून आपल्याला हाकलायला निघालेत, त्याच दारात ती बाई कंदील घेऊन आली. शोमरोनी म्हणजे कोण, ते त्या दिवशी खालाच्या पलंगावर मला कळलं. ख्रिस्तानं त्या विचारणाऱ्याला शेजाऱ्याची व्याख्या दिली नाही, प्रश्नच उलटा केला. माझा शेजारी कोण, हे मोजत बसू नकोस. तू कुणाचा शेजारी होतोस, ते बघ.

आणि आता माझ्या मनातल्या त्या ओझ्याचं सांगते. हे लिहिताना हात जड होतोय.

२०२१ चा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भाऊ दवाखान्यात भरती झाले. वहिनी घरी, त्याही तापानं फणफणलेल्या, सोबत सहा वर्षांची मुलगी. एका सकाळी त्यांचा फोन आला. “काकू, पोरीसाठी थोडं दूध मिळेल का? दाराशी ठेवलंत तरी चालेल.” माझ्या घरात त्या वेळी लिटरभर दूध होतं. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असं आमचं ठरलेलं. भीतीनं माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही हो, आज दूध आलंच नाही.” दूध दाराशी ठेवायला मला चार पावलं लागली असती. शेवटी खालच्या वॉचमननं त्यांना दूध नेऊन दिलं, औषधंही आणली, पंधरा दिवस.

भाऊ बरे झाले, वहिनी बऱ्या झाल्या. पुढच्या संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या, पूर्वीसारख्याच हसल्या. तो तिळगूळ माझ्या घशात अडकला तो अजून तिथेच आहे. नवरात्रात देवीपुढे उभी राहून तरी मन हलकं होईल म्हणून गेले होते. पण झाली उलटीच गत, खालाकडून निघताना ओझं दुप्पट झालेलं.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते. सिस्टरबाईंकडे ही हिंमत कुठून आली? त्यांच्या श्रद्धेतून आली, हे त्या लपवत नसत. शेजारी अडला असताना आपण दार लावलं, तर रविवारचं गाणं फुकट, असं त्या मानत. पंडिता रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या, त्या याच विश्वासानं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली निघालं. अर्थात हा झरा एकाच विहिरीला नाही. अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरोग्यांना घर दिलं, ते ख्रिस्ती नव्हते. गाडगेबाबा तर आमच्या वऱ्हाडचेच, भुकेल्याला अन्न द्या म्हणत उभा जन्म फिरले. आणि त्या मिठाच्या ट्रकवाल्याला हे सारं कुणी शिकवलं होतं? मला वाटतं, प्रत्येक धर्मानं दार उघडायला सांगितलेलं आहे. कडी मात्र आपल्याच हाती असते.

नाशिकला पोचले, आंघोळ केली, आणि रेणुकामातेचा प्रसाद एका वाटीत घेऊन समोरची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. मी आत गेले, खुर्चीवर बसले आणि प्रसाद देण्याआधीच म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी माझ्या घरात दूध होतं.”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माहीत होतं हो काकू. आपला दूधवाला एकच आहे. त्या दिवशी तुमच्या दारात त्यानं पिशवी ठेवली, ती मी खिडकीतून पाहिली होती. म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

मला रडू आवरेना. त्यांनी पाणी आणून दिलं, शेजारी बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? फार आला होता. पण कधीतरी तुम्ही येऊन बोलाल असं वाटायचं.” मग उठून चहा टाकला. दूध नासलं होतं. मी घरी जाऊन आमच्याकडचं घेऊन आले.

मैत्रिणींनो, पातूरला कधी गेलात तर टेकडीवर जा, दर्ग्यात जा, लेण्यांच्या गारव्यात घटकाभर बसा. आणि जमलं तर तीच एस.टी. धरून घाट चढून पुढे वाशीमपर्यंत जा. दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यानं, बसायला जागा मिळालेली असतानासुद्धा घाटातली वळणं अंगावर येतात. तिथे त्या पावसातल्या ट्रकची आठवण ठेवा. आणि घरी परतलात, की समोरच्या दाराकडे एकदा बघा. कुणी बोलावलेलं नसलं तरी.